दोन हात भिंत, पाच गिगाहर्ट्झ

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी वाड्यांच्या भिंती ज्यांनी घातल्या, त्यांच्या डोक्यात मे महिना होता. ग्वाल्हेरचा पारा उन्हाळ्यात ४५ च्या पुढे जातो, तेव्हा दगड-चुन्याच्या दीड-दोन हात रुंद भिंतीआड आणि दगडी पटियांच्या छताखाली दुपार निभावून जाते. फ्लॅटमध्ये राहायला गेलेले आमचे नातलग मे महिन्यात काहीतरी निमित्त काढून वाड्यावर येतात आणि मधल्या खोलीत आडवे होतात, ते उगाच नाही. पण त्याच मधल्या खोलीत टीव्ही आहे. राउटर मात्र बाहेरच्या बैठकीत, कारण फायबर टाकायला आलेल्या मुलाने तार तिथवर आणून सोडली आणि "बस, यहीं लगेगा" म्हणून तो निघून गेला. मध्ये ती भिंत.

फोनमधलं टीव्हीवर कसं दिसतं याबद्दल आमच्या घरात एक गोड समजूत आहे. फोनमधून काहीतरी निघतं आणि सरळ समोरच्या टीव्हीत शिरतं. म्हणून सासूबाई फोन टीव्हीवर नेम धरून धरतात, आणि व्हिडिओ अडकला की दीर उठून टीव्हीला खेटून उभे राहतात. खरं म्हणजे यूट्यूबवरचं काही कास्ट केलं, म्हणजे फोनवरून टीव्हीवर लावलं, की फोन टीव्हीला फक्त पत्ता सांगतो. त्या पत्त्यावरून माल आणायचं काम टीव्ही स्वतः करतो, राउटरमार्फत. त्यानंतर फोन बंद केला तरी कीर्तन चालूच राहतं. तेव्हा फोन टीव्हीजवळ नेऊन काही साधत नाही. टीव्ही आणि राउटर यांच्यात काय आहे, हा प्रश्न असतो.

हे मी कितीदा सांगितलं असेल. घरात कुणाचाही व्हिडिओ अडकला की पहिला संशय इंटरनेट कंपनीवर जातो, दुसरा टीव्हीवर, आणि तिसरा माझ्यावर. तो कुणी बोलून दाखवत नाही, पण कळतो. मग मोठा प्लॅन घ्यायची चर्चा होते. नेटफ्लिक्स स्वतःच फुल एचडीला सेकंदाला ५ आणि ४के ला १५ मेगाबिट पुरेत असं सांगतं. बैठकीत राउटरपाशी स्पीड टेस्ट लावली तर त्याच्या कितीतरी पट येतात. मधल्या खोलीत टीव्हीच्या शेजारी उभं राहून तीच टेस्ट लावली की आकडा जमिनीवर येतो. प्लॅन दुप्पट केला तर बैठकीतला आकडा दुप्पट होईल, इतकंच. भिंत काही प्लॅन बघून लहर सोडत नाही.

राउटर दोन तऱ्हेच्या लहरी सोडतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांबीची, ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहून थोडी कमी. दुसरी वेगवान, पण दगड दिसला की हाय खाते. पहिली चिवट आहे, भिंतीतून थोडी तरी झिरपते. पण तिच्यावर अख्ख्या गल्लीचा डोळा. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या गल्लीत वायफायची यादी उघडली तर बोट दुखेपर्यंत सरकवत राहावं लागतं. त्यातून राउटर दोन्ही लहरींना एकच नाव देऊन मोकळा होतो, आणि टीव्ही आपल्या अकलेने एक निवडतो. टीव्हीच्या अकलेबद्दल माझं मत फारसं बरं नाही. मी दोघींना वेगवेगळी नावं दिली आणि टीव्हीला चिवट लहरीवर बसवलं. फेब्रुवारी-मार्च सुखात गेले.

एप्रिलमध्ये पुन्हा तेच. काही बदललं नव्हतं. राउटर तिथेच, टीव्ही तिथेच, नाव तेच, पासवर्ड तोच. दुपारी बरं चालायचं नाही आणि रात्री तर अजिबात नाही. सासरे म्हणाले, उन्हाने होत असेल. ते अर्धं खरं होतं. उन्हामुळे कूलर लागला होता.

हा कूलर म्हणजे इकडच्या घराघरांतला लोखंडी पत्र्याचा पेटारा. तीन बाजूंना खस, खाली पाण्याची टाकी. तो मधल्या खोलीच्या चौकाकडच्या खिडकीत बसतो, खिडकी पुरती भरून. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतके दिवस आमचं इंटरनेट भिंतीतून फारसं येतच नव्हतं. बैठकीच्या दारातून ते चौकात उतरायचं, समोरच्या भिंतीवर आपटून वळायचं आणि खिडकीतून आत यायचं. आता त्याच वाटेवर लोखंड उभं, आणि लोखंडावर भिजलेली खस. पत्रा लहर परतवतो, पाणी ती पिऊन टाकतं. मायक्रोवेव्हमध्ये वरण गरम होतं ते पाण्याच्या याच स्वभावामुळे, आणि ती भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालते. हे मी जेवताना सविस्तर सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे कूलर काढायचा का?" विषय तिथे मिटला. ग्वाल्हेरात मे महिन्यात कूलर आणि टीव्ही यांत निवड करायला कुणी सांगू नये.

दिरांनी मग एक्स्टेंडर आणला, म्हणजे वायफाय पुढे पोचवणारा डबा. उत्साही माणूस. तो दालनात लावल्यावर टीव्हीला भरपूर रेंज आली, पण कुणाच्याच फोनला टीव्ही दिसेना. दोघांवर इंटरनेट येतंय, आणि एकमेकांची ओळख नाही. कास्टचं बटण दाबलं की फोन घरभर हाळी देतो, "कोण कोण आहे?" ती हाळी २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ नंबरच्या पोर्टवर जाते आणि आपल्या नेटवर्कचा उंबरठा ओलांडत नाही; तसा नियमच आहे. दिरांच्या डब्याने आपलं निराळं नेटवर्क थाटलं होतं. वाडा एक, पण चुली दोन झालेल्या. मग एकीकडच्या पंगतीचं बोलावणं दुसरीकडे कसं पोचणार? राउटरमधलं पाहुण्यांसाठीचं नेटवर्क, फोनवर चालू राहिलेला व्हीपीएन (फोनचं बोलणं दूरच्या नेटवर्कमार्फत नेणारी सोय), आयफोनवर लोकल नेटवर्कची नाकारलेली परवानगी, या सगळ्यांनी हेच होतं. डब्याचा राउटर-मोड बंद करून त्याला नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट केला, म्हणजे आपली चूल न मांडता राउटरचंच पुढे वाढणारा, तेव्हा ओळखीपाळखी झाल्या. पण भिंतीपलीकडून अर्धमेलं येणारं तो अर्धमेलंच पुढे द्यायचा.

मधल्या काळात घराने मिररिंगचा शोध लावला. म्हणजे फोनचा अख्खा पडदाच टीव्हीवर. आमच्या टीव्हीवरच्या पद्धतीत राउटर लागत नाही, फोन आणि टीव्ही थेट बोलतात, म्हणून भिंतीची कटकट नाही. पण फोनला सगळं ओझं स्वतः वाहावं लागतं, तो तापतो, आणि फोनवर येईल ते सगळं टीव्हीवर येतं. एका रविवारी सगळे जमलेले असताना आत्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ४३ इंची पडद्यावर आला, आणि त्यात समोर बसलेल्या पाहुण्यांच्या मुलीसाठी सुचवलेल्या स्थळाबद्दल आत्यांचं स्पष्ट मत होतं. शिवाय पैसे भरून घेतलेली वेब सिरीज मिरर केली की पडदा काळा आणि आवाज चालू. तो बिघाड नसतो. चोरून नक्कल होऊ नये म्हणून अ‍ॅपच चित्र रोखतं. सासरे त्या काळ्या पडद्यासमोर अर्धा तास बसले होते. म्हणाले, रेडिओ बरा चालतो.

खरी निकड निघाली मुंजीमुळे. यांची आणि दिरांची मुंज एकाच मांडवात झाली होती, तिची व्हीएचएस कॅसेट महाराज बाडा या बाजारचौकाजवळच्या एका दुकानातून फाइल करून आणली. ती लॅपटॉपवर होती, इंटरनेटवर नाही, म्हणजे टीव्हीला पत्ता द्यायचा तो लॅपटॉपचाच. लॅपटॉपवर डीएलएनए सर्व्हर, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून टीव्हीला फाइली पुरवणारा प्रोग्राम, लावला तर टीव्हीला फाइलचं नाव दिसे, पण उघडेना: फॉरमॅट मान्य नाही. टीव्हीला समजणाऱ्या एच.२६४ फॉरमॅटमध्ये बदलून घेतली तर उघडली, पण बटू हलला की त्याच्या कडांना आडव्या रेघा. जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीत एका चित्राच्या ५७६ ओळी दोन हप्त्यांत येतात, आधी एकाआड एक, मग उरलेल्या. ते दोन हप्ते न जुळवता एकत्र दाखवले की हे असं होतं. डीइंटरलेस करून, म्हणजे ते हप्ते जुळवून, पुन्हा फाइल केली. आता चित्र नीट, पण कूलर चालू. मातृभोजनापर्यंत येऊन सगळं गोठलं, आईच्या हातातला घास बटूच्या तोंडाशी.

तेव्हा मी तार ओढायची असं जाहीर केलं. लॅन केबल १०० मीटरपर्यंत बिनबोभाट चालते. आमचा अख्खा वाडा त्यात दोनदा मोजून होईल. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० मेगाबिटचंच असतं, लोक त्याला नावं ठेवतात, पण मला १५ हवे होते. अडचण भोकाची. ड्रिलवाल्याने भिंतीवर टकटक केलं, बिट बघितली, परत भिंत बघितली आणि म्हणाला, "भाभीजी, इसमें तो मेरी बिट ही शहीद होगी." शेवटी तार रोशनदानातून, म्हणजे वरच्या झरोक्यातून, घेतली. दिसायला वाईट दिसते. दिवाळीत रंगवाल्याने तिलाही चुना फासला, त्याने बरीच लपली.

टीव्ही तारेवर आणि फोन वायफायवर असले तरी राउटर एकच, त्यामुळे हाळी पोचते आणि कास्टही होतं. मुंज सगळ्यांनी शेवटपर्यंत बघितली. तिच्या फाइलीत तासभर नुसती जेवणाची पंगत आहे, आणि तीच सगळ्यांत जास्त बघितली जाते. कोण कुणाशेजारी बसलं होतं आणि कोण आलंच नव्हतं यावर अजून निकाल लागायचा आहे.

एक भानगड उरली आहे. यूट्यूबवरचं काही कास्ट केलं की त्याचं थांबवायचं बटण त्या नेटवर्कवरच्या इतर अ‍ॅन्ड्रॉइड फोनांवरही येऊ शकतं. आमच्याकडे येतं. कुणाचा तरी अंगठा लागतो आणि कीर्तनकार तोंड उघडं ठेवून थांबतात. ते बटण बंद करायची सोय सेटिंगमध्ये आहे, मला ठाऊक आहे. मी ती वापरलेली नाही. पोळ्या झाल्या, तरी कुणी उठायचं नाव घेत नसलं की मी ओट्यापाशी उभ्या उभ्या बटण दाबते, आणि "परत अडकलं वाटतं, जेवून घ्या तोवर" म्हणते.