आमची वाटचाल : वास नसलेलं मलम

आमच्या मलमाला वास नाही, ते झोंबत नाही आणि लावल्या लावल्या गारही वाटत नाही. धंद्याच्या दृष्टीने हे तिन्ही दोषच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नवं गिऱ्हाईक डबी उघडून नाकाशी नेतं, "हें कसलें मलम, परमळ ना?" म्हणजे वासच नाही, असं म्हणतं आणि डबी जागेवर ठेवून पुढे जातं. मेंथॉल आणि कापूर घातला तर खप वाढेल हे आम्हालाही कळतं. पण खाजवून खाजवून सोललेल्या कातडीवर मेंथॉल एकदा लावून बघा, मग बोलू.

डिचोलीला वडिलांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. ज्येष्ठमध, अनंतमूळ, हिरडा, बेहडा, वाळा, असला माल. मलम हा दुकानाचा जिन्नस नव्हताच. माझी मोठी वहिनी घरी तेल काढायची आणि त्यात मेण घालून थिजवायची. कुणाच्या टाचा फुटल्या, कुणाच्या कोपरावर खरूज नसूनही खाज सुटली, की काचेच्या जुन्या बाटलीत भरून द्यायची, आणि पैसे घ्यायची नाही. मी तेव्हा खनिजाचा ट्रक चालवत होतो. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि आमच्या तालुक्यात दारोदार ट्रक उभे राहिले. माझाही. हप्ता मात्र उभा राहत नाही. तेव्हा वहिनीच म्हणाली, "भावजी, बाटल्या फुकट वाटायचं आता बंद करूया."

पाक वहिनीचा, हिशोब माझा. अजूनही तसंच आहे.

तेलाचा पाक शास्त्रातलाच : कल्क (वाटलेल्या औषधींचा लगदा) एक भाग, तेल चार, काढा सोळा. आमचा कल्क हळद, ज्येष्ठमध आणि अनंतमुळाचा, काढा कडुनिंबाच्या पाल्याचा, तेल घाण्याचं खोबरेल. हे सगळं मंद आचेवर ठेवून पाणी पूर्ण उडवायचं. पाणी उडालं हे कसं कळतं, ते विचारायला पुष्कळ जण येतात. कल्काची दोन बोटांत वात वळली पाहिजे, ती विस्तवावर धरली तर चरचर आवाज येता कामा नये, आणि तेलावर फेस यायला हवा. तुपाचं उलटं, तिथे फेस बसला की पाक झाला. वहिनी वात वळून बघते आणि मग मी थर्मामीटर लावतो. थर्मामीटर वैद्यबुवांच्या समाधानासाठी. परवाना घ्यायचा तर पात्र वैद्य किंवा फार्मसी शिकलेला माणूस नेमावा लागतो, आणि त्यांना वहीत आकडे लागतात.

भांडी स्टीलची. आमच्याकडे डिचोलीच्या कासाराकडून घडवून घेतलेलं तांब्याचं जुनं पातेलं आहे, लोक आले की त्याच्याबरोबर फोटो काढतात. त्यात आम्ही तेल शिजवत नाही. तेलाला तांबं लागलं की ते लवकर खवटतं. शतधौत घृत करायचं असेल तर तांब्याच्या परातीत खुशाल शंभर वेळा तूप धुवा, परंपरेने तेच सांगितलंय. पण कल्हई नसलेल्या तांब्यात खोबरेल तासन्‌तास उकळवणाऱ्यांनी ते 'पारंपरिक' म्हणून विकू नये.

खरी करामत भिरंडेलाची. भिरंड म्हणजे कोकम, भिरंडेल त्याच्या बियांचं तेल. मे महिन्यात सत्तरी तालुक्यातल्या बायका भिरंडांची सोलं वाळवतात आणि बिया बाजूला टाकतात. त्या बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळल्या की वर स्निग्ध थर येतो, गार झाला की तो घट्ट बसतो. पांढरंफट्ट भिरंडेल टाचांच्या भेगांना लावणं आमच्याकडे घरोघर चालतं. खोबरेल पंचवीस अंशांच्या आसपास वितळतं, भिरंडेल चाळिसाच्या जवळ, मेण बासष्टच्या पुढे. या तिघांचं जमवता आलं की मलम जमलं. शास्त्रातलं सिक्थतैल, म्हणजे मेण-तेलाचं मलम, मेणाला पाच-सहा पट तेल घेतं. गोव्याच्या मे महिन्यात एवढ्या तेलाचं मलम डबीत सूप होतं. म्हणून आमचा उन्हाळी घाणा वेगळा, मेण जास्त. पावसाळी वेगळा, कारण श्रावणात तेच कडक मलम ओल्या बोटाला लागतच नाही.

आणि भिरंडेल सावकाश गार होऊ दिलं तर मलमात रव्यासारखे दाणे धरतात. त्यासाठी पातेलं गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून सतत ढवळायचं आणि घट्ट व्हायच्या आत डब्यांत ओतायचं. ओतायला आमच्याकडे चहाची ॲल्युमिनियमची किटली आहे. मध्यंतरी कर्ज काढून भरायचं मशीन आणलं. त्याच्या नळीत भिरंडेल थिजतं. मशीन प्लास्टिक घालून झाकून ठेवलंय. कुणाला हवं असेल तर या, बघा, भाव ठरवू.

पावसाळी घाण्याची सूचना आमच्या काजूवाल्या मावशींची. नाव लिहिलेलं त्यांना चालणार नाही. काजूच्या कारखान्यात बिया फोडायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. टरफलातलं तेल कातडी जाळतं. फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची सालं निघतात, तळवे काळे पडतात. हाताला तेल आणि राख चोळून कामाला बसायची त्यांची पद्धत. मावशींनी पहिल्यांदा आमचं मलम लावलं तेव्हा कौतुक काही केलं नाही. दुसऱ्या आठवड्यात डबी घेऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "बरं आहे, पण पावसात खरवडावं लागतं. नखानं काढायचं काय?" त्यानंतर प्रत्येक नवा घाणा आधी त्यांच्या हातावर. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून त्या गप्प बसतात आणि आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघतो. एकदा त्यांनी मेण बदललंय हे ओळखलं, कुणी सांगितलं नसताना. व्यापाऱ्याने पॅराफिन मिसळून दिलं होतं. संपूर्ण ढेप आम्ही परत केली. त्यांच्या कारखान्यातल्या झाडून सगळ्या बाया आमच्या गिऱ्हाईक झाल्या ते त्यांच्यामुळेच. जाहिरातीवर आम्ही कधी पैसा घातला नाही.

परवान्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात रडण्यासारखं पुष्कळ आहे आणि सगळ्यांचं सारखंच असतं. आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना फॉर्म 25-डी वर मिळतो, आणि शेड्यूल टी या कारखान्याच्या नियमावलीप्रमाणे बाराशे चौरस फूट जागा लागते. घरच्या चुलीवर हे होत नाही. खाणी बंद पडल्याने ट्रकांची एक गॅरेज रिकामी पडली होती, ती भाड्याने घेतली. फरशीवरचं काळं ऑइल घासताना हातांना जी खाज सुटली तिच्यावर आमचंच मलम लावलं.

आता आमची नक्कल करणाऱ्या माणसाबद्दल.

बार्देशात आमचा माल तो न्यायचा. कळंगुट, कांदोळीच्या दुकानांत त्याची ओळख होती, बोलायला गोड. आमच्या घरी चवथीला जेवला आहे. डब्या कुठून येतात, लेबल कोण छापतो, भिरंडेल कुठल्या गावातून येतं, हे सगळं त्याला आम्हीच दाखवलं, कारण माल विकणाऱ्याला माल माहीत असावा असं माझं मत होतं आणि आहे. एका हंगामात त्याने आमची ऑर्डर निम्मी केली. पुढच्या हंगामात बाजारात आमच्याच आकाराची, आमच्याच पिवळ्या रंगाची डबी आली. त्यावर पानाचं चित्र, आणि आमचंच 'भिरंड मलम' हे नाव. आत हिरवट, गुळगुळीत, सुवासिक जेली.

वकिलाकडे गेलो. त्यांनी सांगितलं की जिन्नस आणि त्याचा उपयोग सांगणारं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेणं अवघड, भिरंड काय तुमच्या एकट्याचं आहे? नाही, भिरंड सगळ्या गोव्याचं आहे. पण ती डबी, तो पिवळा रंग, ते पान? त्यावर दावा लावता येतो, वर्षं लागतात, असं ते म्हणाले. फी मात्र लगेच.

नुसती नक्कल असती तर आम्ही सोसलं असतं. त्याचं मलम दोन दिवसांत खाज घालवायचं. आमचं आठवडा घेतं, कधी जास्त. कातडीला तेवढा वेळ लागतोच; आम्ही वरून ओलावा धरून ठेवतो, बाकीचं काम कातडीच करते. पण दुकानदाराला हे कोण सांगणार? "तुमच्यापेक्षा त्याचं पटकन लागू पडतं," हे वाक्य मी म्हापशापासून वाळपईपर्यंत ऐकलं. शिवाय त्याच्या पत्रकात इसब, नायटा, पांढरे डाग, सगळं बरं होईल असं लिहिलेलं. पांढऱ्या डागांच्या इलाजाची जाहिरात 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे. आमच्या डबीवर 'कोरड्या, खाजऱ्या त्वचेसाठी' याखेरीज शब्द नाही.

मग तीच गिऱ्हाइकं दीड-दोन महिन्यांनी आमच्या दारात यायला लागली. मलम थांबवलं की खाज दुप्पट, कातडी पातळ, लाल रेषा, एका बाईंचा चेहरा मिरच्या लावल्यासारखा भगभगत होता. आणि हातात पिवळी डबी. "तुमच्याच मलमानं झालं." मी डबी उलटी करून लेबल दाखवायचो, पण भाजलेल्या माणसाला लेबल वाचायला सांगणं बरं दिसत नाही. त्या डबीत काय होतं ते मी इथे लिहीत नाही, मी ते तपासून घेतलेलं नाही. कुठलं औषध दोन दिवसांत खाज घालवतं आणि बंद केल्यावर असा सूड घेतं, ते कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाला विचारा. 2018 साली केंद्र सरकारने कातडीवर लावायची कित्येक स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ते उगाच नव्हे.

तक्रार गेली ती आमच्यावर. अधिकारी आले, नमुना घेतला, त्याचे भाग करून सील केले. ते त्यांचं काम, नियमाप्रमाणे झालं. पण अहवाल येईपर्यंत दुकानदारांनी माल परत पाठवला. गॅरेजमध्ये खोक्यांवर खोकी. पतसंस्थेकडून कर्ज काढून वर्षभराच्या बिया आणि मेण घेऊन ठेवलं होतं. कामाला असलेल्या दोन मुलींना मी पगार दिला तो वहिनीच्या बांगड्या गहाण ठेवून, आणि हे लिहू नका असं ती म्हणते, तरी लिहितो.

त्या काळात माल घेतला तो फक्त काजूवाल्या बायांनी. मावशी दर आठवड्याला पिशवी घेऊन यायच्या, रोख द्यायच्या. त्या माणसाचा विक्रेता कारखान्याच्या दारात डब्या फुकट वाटायला गेला होता, तर मावशींनी मनगटावर लावून बघितलं आणि डबी त्याच्या हातात परत ठेवली. "लागतां बरें, पूण हें तुमचें न्हय," असं त्या मला म्हणाल्या. म्हणजे लागतं चांगलं, हाच त्यांना संशय.

अहवाल आला, स्वच्छ. दुकानदार परत आले, काही आले नाहीत. माफी कुणी मागितली नाही. त्यानंतर बरं चाललंय. 2020 मध्ये सॅनिटायझरने लोकांचे हात फुटले तेव्हा तर मागणी पुरवता आली नाही.

हल्ली पुष्कळ मुली घरी मलम करायचं शिकायला येतात, आनंद आहे. त्यांनी ऐकावं, न ऐकलं तरी मी सांगणार. मलमात कोरफडीचा ताजा गर घालू नका. तेलाच्या मलमात पाण्याचा थेंब गेला की बुरशी आलीच. गरम डबीला झाकण लावू नका, आतून घाम धरतो आणि तोच थेंब खाली पडतो. दारातला झेंडू तेलात घालून त्याला कॅलेंडुला म्हणू नका, ती झाडं वेगळी. आणि 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' हे लेबलवर छापण्याआधी काजूचा चीक आठवा. बिब्बाही झाडालाच येतो. हळदही कुणाकुणाला सोसत नाही. आधी कोपराच्या आत चिमूटभर लावून एक दिवस थांबायला सांगा.

घामोळ्यांसाठी मलम मागणाऱ्याला आम्ही ते देत नाही. तेलकट थराने घाम आतच कोंडतो. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर पाय पुसून कोरडे ठेवा, फरक नाही पडला तर डॉक्टरकडे जा. पाणी वाहणाऱ्या इसबाला आमचं मलम नाही. हे ऐकून गिऱ्हाईक शेजारच्या स्टॉलवर जातं. जाऊ दे.

शेजारचा स्टॉल कुणाचा ते म्हापशाला येणाऱ्यांना माहीत आहे. डबी आता हिरवी केली आहे, नाव बदललंय, पान तेच. समोर आला की "कशे आसात?" विचारतो. मी "बरें" म्हणतो.

बुधवारी डिचोलीला आणि शुक्रवारी म्हापशाला आम्ही असतो, बाकीचे दिवस गॅरेजवर. पावसाळी घाणा मिरगाच्या आधी तयार होतो, उन्हाळी शिमग्यानंतर. रिकामी डबी परत आणली तर पुढच्या डबीत पाच रुपये कमी. झाकण चेपलेलं असेल तर नाही.