तीन तपकिरी, एक काळाभोर

दिवाळीच्या आधी गोडोलीतल्या आमच्या वॉशिंग सेंटरवर गाड्यांची रांग असतेच, पण त्या दिवशी रॅम्पवर इंजिनापेक्षा माणसं जास्त तापली होती. साताऱ्यातले एक निवृत्त गुरुजी आपली २०१४ची गाडी विकत होते. घेणारे पाहुणे कोरेगावचे. सौदा ठरल्यात जमा, अडलं होतं टायरवर. तीन टायर बाजूनं मातकट तपकिरी, चौथा मात्र काळाभोर, चकचकीत.

"तिन्ही टायर कुजल्यात की ओ गुरुजी! तेवढं पैसं कमी करा."

"कुजलेत कसले? परवा कासला जाऊन आलो, तिथली तांबडी माती आहे ती."

दोघांचंही चुकत होतं. माती प्रेशरच्या पाण्यानं निघते. हा रंग टायर वाळला की परत वर दिसतो, कारण तो रबराच्या आतूनच येतो. हवेतल्या ओझोननं रबराला भेगा पडतात, म्हणून टायर बनवतानाच त्यात ओझोनला अडवणारं रसायन आणि मेण मिसळतात. ते रसायन हळूहळू वर येतं, ओझोन स्वतःवर घेतं आणि तपकिरी पडतं. वर चिकट पॉलिशचे थर असतील तर धूळ बसून रंग आणखी गडद होतो.

हे नुसतं सांगून पटणार नव्हतं. एका टायरला क्लीनर मारला, कडक नायलॉनचा ब्रश घेतला आणि मुद्दाम अर्धीच बाजू घासली. पहिला फेस अगदी चहाच्या रंगाचा. धुवायचं, परत घासायचं, फेस पांढरा येईपर्यंत. पाणी ओसरल्यावर एकीकडे तपकिरी, एकीकडे कोरा काळा. रबर धडधाकट, कुठं भेग नाही. तारखेचे चार आकडे १८२२, म्हणजे २०२२च्या अठराव्या आठवड्यातला टायर. बाकीचे दोनही तसेच निघाले.

गुरुजी खुशीत आले. "आता चौथाही घासा, सगळे एकसारखे दिसू देत."

घासला. पॉलिशचा थर उतरला आणि रिमच्या कडेनं बारीक भेगांचं जाळं उघडं पडलं. आकडे ३११४. गाडीसोबत आलेली मूळ स्टेपनीच ती! मधे एक टायर फाटला तेव्हा कुणीतरी हीच चढवून वर पॉलिश फासून दिलं होतं. गुरुजींना खरंच ठाऊक नव्हतं, त्यांचा चेहराच सांगत होता. पाहुण्यांनी भेगांवरून नख फिरवलं, पण बोलले काहीच नाहीत. गुरुजींनीच एका टायरचे पैसे कमी केले.

मग पाहुण्यांनी विचारलं, "परत तपकिरी झालं तर?"

"होणारच. तेव्हा परत घासायचं. पण डिझेल पुसू देऊ नका." आमच्या धंद्यात ही खोड फार. डिझेलनं टायर दोन दिवस चमकतो, पण रबर फुगून मऊ पडतं आणि आतलं मेणही धुऊन जातं. लावायचंच तर टायर चमकवायचं पाण्यात बनवलेलं ड्रेसिंग, तेही टायर पूर्ण वाळल्यावर, पातळ. जास्तीचं फडक्यानं पुसून घ्यायचं. जमिनीला टेकणाऱ्या नक्षीवर अजिबात नाही, गाडी घसरते.

तिन्ही टायरना तसंच लावून दिलं. चौथ्याकडं वळलो तसे पाहुणे म्हणाले, "त्याला नगा लावू दादा. पोवई नाक्यावर टायरवाल्याला तसाच दावतो."