आमची वाटचाल : अर्धी कौलं नवी

ठाण्यात दोन टेबलं, एक प्रिंटर आणि बायकोच्या पीएफचे पैसे, एवढ्यावर आम्ही परदेश सहली सुरू केल्या. 2014 च्या पहिल्या क्रोएशिया सहलीत दुब्रोव्निक या समुद्रकाठच्या जुन्या शहराच्या वाट्याला चार तास होते. स्त्रादून या मुख्य रस्त्यावर फेरी, तटबंदी, आइस्क्रीम, की बसमध्ये. क्रोएशिया तेव्हा शेंगेनबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर होता, आणि एका जोडप्याच्या व्हिसावर एकच प्रवेश आहे हे माझ्या नजरेतून सुटलं. क्रोएशियात गेल्यावर शेंगेनमध्ये परत येता आलं नसतं, म्हणून त्यांना स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाहूनच घरी पाठवावं लागलं. सगळा नफा त्यांच्या तिकिटांत गेला.

पण धंद्याला वळण दिलं ते सावंतवाडीच्या एका आजींनी. तटबंदी 1940 मीटरची, त्यात ऊन. आजी मध्येच थांबल्या नि खाली बघत म्हणाल्या, "अर्धी कौलं फिकी, अर्धी लालभडक. इतकी घरं एकदम कोणी शाकारली रे?" मला काय ठाऊक! उत्तर तिथल्या गाइडने दिलं. ऑक्टोबर 1991 मध्ये युगोस्लाव्ह सैन्याने शहराला वेढा घातला, वीज-पाणी तुटलं, आणि 6 डिसेंबरला सर्वांत भयंकर तोफमारा झाला. जुन्या शहरातल्या 824 पैकी 563 इमारतींना गोळे लागले. गाइड तेव्हा नऊ वर्षांचा. स्वतःचं घर त्याने बोटाने दाखवलं. लालभडक.

पुढच्या वर्षीपासून आम्ही तिथे तीन रात्री ठेवल्या. आता जुन्या शहराच्या पिले दरवाजापाशी कुठे कोणता तोफगोळा पडला याचा नकाशा आधी दाखवतो, तटबंदी नंतर. स्रज डोंगरावरचा रोपवे 1969 चा, युद्धात उद्ध्वस्त होऊन 2010 मध्ये पुन्हा सुरू झालेला. वरच्या किल्ल्यात त्या युद्धाचं संग्रहालय आहे. तिथून उतरल्यावर गट जरा गप्प असतो, म्हणून त्या संध्याकाळी दुसरं काही ठेवत नाही.

उन्हाळी महोत्सव 1950 पासूनचा, 10 जुलै ते 25 ऑगस्ट. लोव्रिएनाच किल्ल्यात 'हॅम्लेट' होतं म्हणून एकदा हौसेने जुलैचा गट काढला. हॉटेलांचे दर ऐकून निम्मे प्रवासी गळाले. चूक माझीच, पण पुन्हाही करेन.

2019 पासून दिवसाला दोनच क्रूझ जहाजं येऊ देतात. 2022 मध्ये पेल्येशाच द्वीपकल्पाला जोडणारा पूल झाला आणि दुब्रोव्निकच्या वाटेत नेउमपाशी बोस्नियात शिरून पुन्हा बाहेर पडायचा वैताग संपला. 2023 पासून शेंगेन आणि युरो. व्हिसाची काळजी नाही म्हणून झोप लागते, जेवणाच्या बिलाने उडते.

3 फेब्रुवारीला शहराचा रक्षक संत व्लाहो, म्हणजेच सेंट ब्लेझ, याचा उत्सव असतो. गोव्यात गवंडाळीला त्याच संताचं, सां ब्रासचं चर्च आहे. दुब्रोव्निकच्या खलाशांनी बांधलं असं सांगतात. हे गाइडला कळल्यापासून तो मागे लागला होता. गेल्या डिसेंबरात त्याला घेऊन गेलो. आत जायच्या आधी तो बराच वेळ छपराकडेच बघत उभा होता.