मोठा सोडा, बारका घरी न्या

गेल्या शनिवारी टेक्सासमधल्या लेक फोर्क तलावावर माझ्या गळाला क्रॅपी जातीचा मासा लागला. जेमतेम तळहाताएवढा. डॅलसहून पहाटे निघून, बोटं बधिर होईस्तोवर बसून मिळालेला पहिला मासा. पण दया आली आणि मी तो सोडायला वाकलो. बोटीतल्या शेजारच्या आजोबांनी माझं मनगटच धरलं. "हिवाळ्यात नाही सोडायचा. घरी न्यायचा."

मला वाटलं, थट्टा करतायत. एरवी इथे १० इंचांखालचा क्रॅपी ठेवला तर दंड. पण या तलावावर १ डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत सगळं उलटं. लहान-मोठा जो येईल तो ठेवायचाच, २५ झाले की क्रॅपी धरणं बंद. आजोबांनी मासा उलटा करून कारण दाखवलं. थंडीत हे खोल पाण्यात गोळा होतात. तिथून भरकन वर ओढला की पोटातली हवेची पिशवी फुगते. डोळे बाहेर आलेले, तोंडातून जठर डोकावत होतं. सोडला असता तर खाली जाताच आलं नसतं, वरच तरंगत मेला असता. म्हणजे माझ्या दयेचा माशाला काडीचा उपयोग नव्हता.

तासाभराने बास जातीचा मासा आला. चांगला २० इंची! मला तर कढईतलं तेल ऐकू यायला लागलं. आजोबांनी तो पट्टीवर आडवा केला आणि अलगद पाण्यात सोडला. १६ ते २४ इंचांमधला बास इथे ठेवता येत नाही, वाढू द्यायचा. टेक्सासचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, जानेवारी १९९२ मध्ये इथलाच. आणि तो लागला क्रॅपीसाठी लावलेल्या जिवंत मासोळीला.

मी इंदापूरचा. उजनी आणि हा तलाव, दोन्ही १९८० चे. इथे पाण्यात वाळकी झाडं उभी आहेत, आपल्याकडे उन्हाळ्यात पळसदेवचं देऊळ वर येतं. भिगवणची चिलापी खाऊन वाढलेल्या माणसाला मासा पट्टीने मोजायचा म्हणजे हसूच येतं. उजनीच्या जाळ्यांवर घरं चालतात हो! इथले लोक महागड्या बोटी घेऊन हौस करायला येतात, त्यांना इंच मोजायला परवडतं. हे मी आजोबांना ऐकवलंही. उजनीत वडाप, म्हणजे बारीक जाळं, लावून बोटाएवढी पिल्लं ओढणाऱ्यांचं मात्र काही बोललो नाही. परक्यापुढे कशाला?

अकरा क्रॅपी घरी आणले. काळं तिखट लावून तळताना आईला व्हिडिओ कॉल केला.

"वीस इंची सोडलास आणि ही पोरं तळतोयस?"

मी हवेच्या पिशवीपासून सांगायला घेतलं, तोवर तिने फोन दादाकडे दिला होता.