९,४१२ टाक्यांचा मोर

पडद्यावर मोर उमटला आणि त्याच्या खाली तीन आकडे आले: टाके ९,४१२, रंग ७, वेळ २३ मिनिटे. भरतकामाचे यंत्र घरी येऊन दोनच दिवस झाले होते. शेजारच्या खुर्चीवर आई बसली होती. तिने आकडे वाचले, चष्मा नाकावर खाली ओढला आणि विचारले, "टाके आधीच मोजून ठेवलेत?" दुसुतीवर भरताना तीही घरे मोजत असे, पण एका मोराला किती टाके लागले असे तिला कुणी विचारले असते, तर "लागले तेवढे" यापलीकडे उत्तर मिळाले नसते.

मोर पुरा व्हायला प्रत्यक्षात सव्वा तास गेला. यंत्राने सांगितलेली २३ मिनिटे निव्वळ सुई खालीवर होण्याची असतात. एका सुईच्या घरगुती यंत्रात प्रत्येक रंग संपला की थांबायचे, जुना दोरा कापायचा, नवे रीळ चढवायचे आणि खाचाखाचांतून सुईपर्यंत पुन्हा ओवत आणायचे. हा वेळ त्या हिशेबात धरलेला नसतो. त्यातून दोरा दोनदा तुटला आणि खालची बॉबिन मोराच्या ऐन पिसाऱ्यात संपली. तरीही मी खूश होते, कारण टाके एकसारखे, घट्ट आणि चकचकीत आले होते. फक्त मोराची मान गुलाबी झाली होती. आईने कापड बसवलेली रिंग हातात घेऊन ती उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "हा कुठल्या गावचा मोर गं?"

चूक यंत्राची नव्हती, माझी होती. ती फाइल डीएसटी या प्रकारची होती. ताजिमा या जपानी कंपनीच्या कारखानी यंत्रांसाठी घडलेल्या या प्रकारात मुळात रंगांची नोंदच नसते. "येथे थांब आणि रंग बदल" एवढी खूण असते. कारखान्यात कोणत्या सुईत कोणता दोरा ओवायचा हे यंत्रावरचा कारागीर ठरवतो, त्यामुळे तेथे कुणाचे काही अडत नाही. माझ्या यंत्राने मात्र त्या रिकाम्या जागी स्वतःच्या यादीतले रंग क्रमाने भरून दाखवले आणि मी ते आज्ञाधारकपणे ओवत गेले. पडद्यावर दिसते ते खरे, ही सवय मोबाइलने आपल्याला लावली आहे. तिची किंमत एका मोराच्या मानेने चुकती केली.

त्या रात्री कुतूहलाने मी या फाइलींविषयी वाचत बसले आणि एक गोष्ट मनात पक्की बसली. मोराचे चित्र त्या फाइलमध्ये कुठेही नसते. असते ती फक्त चाल. सुई आत्ता आहे तेथून किती उजवीकडे, किती वर, एवढेच प्रत्येक टाक्यासाठी लिहिलेले असते, तेही मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या मापात. डीएसटीमध्ये एका टाक्याला तीन बाइट पुरतात आणि एका हालचालीत १२.१ मिलिमीटरच्या पुढे जाता येत नाही. म्हणजे माझा अख्खा मोर २८ किलोबाइटांत मावला होता. फोनवर काढलेल्या एका फोटोच्या जागेत असे शंभर मोर सहज राहिले असते. आंधळ्या माणसाला हात धरून "दोन पावले पुढे, एक डावीकडे" असे सांगत घरभर फिरवावे, तसे हे नऊ हजार वेळा सांगितलेले असते, आणि शेवटी कापडावर मोर उभा राहतो.

हे एकदा समजल्यावर पुढच्या पुष्कळ फजित्यांचा अर्थ लागला. तोच मोर मला रुमालाच्या कोपऱ्यासाठी लहान हवा होता, म्हणून मी संगणकावर तो सरळ सत्तर टक्क्यांवर आणला. चित्र लहान होते तेव्हा काही बिघडत नाही. चाल लहान केली की पावले तितकीच राहतात आणि घर लहान होते. भरीव भागात टाक्यांच्या ओळी साधारणपणे ०.४ मिलिमीटर अंतराने असतात, त्या ०.२८ वर आल्या, टाक्यांची संख्या ९,४१२ च राहिली आणि रुमालाचा कोपरा पापडासारखा कडक झाला. एक सुईही मोडली. नमुना थोडासा, म्हणजे दहा-पंधरा टक्के, लहानमोठा केलेला चालतो. त्यापुढे तो नव्याने बांधावा लागतो, किंवा टाके नव्याने मोजून देणारे सॉफ्टवेअर वापरावे लागते.

या नव्याने बांधण्याला सुरतेपासून मुंबईपर्यंतच्या कारखान्यांत "पंचिंग" म्हणतात. मजुरी हजार टाक्यांच्या दराने ठरते आणि नमुना बांधणाऱ्या माणसाच्या हाती आता माऊस असतो, पण शब्द पंचिंगच राहिला आहे, कारण पूर्वी खरोखरच कागदाला भोके पाडली जात. फ्रान्समध्ये जॅकार्डने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर माग चालवून दाखवला होता. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्लीने शिफ्ली यंत्र बनवले, ज्यात दोऱ्याचा धोटा नावेच्या आकाराचा होता; शिफ्ली म्हणजे तेथल्या बोलीत लहानशी नाव. सुरुवातीला ते यंत्र माणूस चालवत असे. समोर मोठा करून लावलेला नमुना असायचा, त्याच्या रेषांवर तो टाक्याटाक्याने एक टोक फिरवत जाई आणि ओळीने लावलेल्या अनेक सुया कापडावर तेच लहान प्रमाणात करत. पुढे ग्रोब्लीच्याच मुलाने ते काम छिद्रांच्या पट्टीकडे सोपवले. तेव्हापासून भरतकामाचा नमुना म्हणजे भोकांची रांग.

हे वाचताना मला आईची ट्रंक आठवली, पण तिच्याकडे वळण्याआधी माझ्या हावरटपणाची कबुली द्यायला हवी. यंत्र आल्यापासून महिन्याभरात मी नमुन्यांचा एवढा साठा केला, की रोज एक भरला तरी माझे आयुष्य पुरले नसते. काही फुकट मिळाले, काही विकत घेतले, आणि एकदा मोहात पडून "दहा हजार डिझाइन एका पेनड्राइव्हमध्ये" अशी जाहिरात पाहून पैसे भरले. पेनड्राइव्ह उघडला तर आत नावांऐवजी आकडे होते. एकच फूल वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांसाठी पाच-पाच प्रकारांत भरलेले होते: ब्रदरसाठी पीईएस, जानोमेसाठी जेईएफ, हस्कवर्ना आणि फाफसाठी व्हीपी३, मेल्कोचे ईएक्सपी आणि वर डीएसटी. अर्धेअधिक नमुने साडीच्या पदराएवढे होते आणि माझी रिंग १०० गुणिले १०० मिलिमीटरची. त्याहून मोठा नमुना माझे यंत्र उघडतच नाही. ते नमुने मुळात कुणाचे होते आणि विकणाऱ्याला ते विकण्याचा अधिकार कुणी दिला होता, हा प्रश्न मला पैसे भरल्यानंतर सुचला. आता मी थोडे घेते, पण बांधणाऱ्याकडूनच घेते. नमुना विकत घेतला म्हणजे त्यावरून भरण्याची मुभा मिळते, तो मैत्रिणींच्या गटात वाटण्याची नव्हे, एवढे भान आमच्या व्हॉट्सॲपच्या गटांना अजून आलेले नाही.

साठा झाल्यावर तो लावणे आले. संगणकाला या फाइली ओळखता येत नाहीत. वेगळे सॉफ्टवेअर नसेल तर सगळ्या एकाच कोऱ्या चेहऱ्याच्या दिसतात. मी मोठ्या उत्साहाने फोल्डर केले: फुले, पक्षी, देव, सण, मुलांचे, काठ. दोन रविवार त्यात गेले. मग मावसबहिणीच्या खणाच्या ब्लाउजसाठी एक कोयरी हवी होती, तेव्हा फुलांत सात, काठांत अकरा आणि सणांत दोन अशा वीस कोयऱ्या सापडल्या. त्यांतली कोणती बाहीवर मावेल, कोणती खणासारख्या कापडावर जड होईल आणि कोणती मी आधीच भरून फसले होते, यातले काहीच त्या मांडणीवरून कळत नव्हते. मी चाली चित्रांसारख्या लावून ठेवल्या होत्या. लग्नाच्या आचाऱ्याने पाककृती ताटात दिसणाऱ्या रंगाप्रमाणे लावाव्यात, तसा तो प्रकार झाला.

नावे देण्यातही एक गंमत होती. माझ्या यंत्राला फाइलचे देवनागरी नाव वाचता येत नाही, त्यामुळे सगळी नावे रोमन लिपीत द्यावी लागतात. तसे केले की कमळ आणि कमाल एक होतात, पान आणि पण यांत फरक उरत नाही आणि मोर लिहावा तर तो इंग्रजीतला "आणखी" वाटतो, जे माझ्या साठ्याच्या बाबतीत खरेच होते.

आईची ट्रंक मी त्यानंतर उघडली. तिच्यात बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात ट्रेसिंग पेपरच्या घड्या आहेत. नमुना कागदावर उतरवून घ्यायचा, उशीवर ठेवून रेषेरेषेवर सुईने बारीक भोके पाडायची, मग तो कागद कापडावर टाचून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ कापसाच्या बोळ्याने त्यावरून फिरवायची. कागद उचलला की खाली निळ्या ठिपक्यांची रांग उमटलेली असते. लहानपणी मला त्या कामातले फक्त भोके पाडणे करायला मिळत असे. म्हणजे सुरतेत जे पंचिंग चालते, ते मी वयाच्या आठव्या वर्षी साताऱ्याच्या ओसरीवर करत होते.

पण मला अधिक गुंतवले ते कागदांच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेल्या मजकुराने. "ताईचे पोलके. पॉपलीन. दोन पदरी. देठ आधी, पाकळ्या मागून." दुसऱ्या एकावर: "उशीचा अभ्रा. मोठा झाला, पुढच्या वेळी अर्धा घ्यावा." तिसऱ्यावर फक्त: "नको." डब्यात जेमतेम साठ नमुने असतील आणि ते फुलाफळांप्रमाणे मुळीच लावलेले नाहीत; भरून झालेले एका घडीत, राहिलेले दुसऱ्या. आईला कधी काही शोधायला दोन मिनिटांवर वेळ लागल्याचे मला आठवत नाही. "नको" हा शेरा तर मला फारच आवडला. माझ्या संगणकात हजारो नमुने होते आणि त्यांतल्या एकावरही तो लिहिलेला नव्हता.

मग मी सगळे मोडून पुन्हा लावले. विकत घेतलेले मूळ गठ्ठे जसेच्या तसे एका बाजूला, त्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर. त्यांना हात लावायचा नाही, कारण उद्या यंत्र बदलले तर आज निरुपयोगी वाटणारा प्रकारच लागेल. कामाचे फोल्डर दोनच: न भरलेले आणि भरलेले. नावात आधी रुंदी आणि उंची मिलिमीटरमध्ये, मग टाके, मग विषय. एकदा मापे पुढे आली की बाहीवर काय मावेल हा प्रश्न यादी पाहूनच सुटतो आणि टाक्यांची संख्या पाहिली की मलमलीवर काय झेपणार नाही हेही कळते. पेनड्राइव्हवर फक्त चालू आठवड्याचे पाच-सहा नमुने ठेवते. "भरलेले" मध्ये जायचे तर नमुना जुन्या चादरीच्या तुकड्यावर प्रत्यक्ष भरावा लागतो. तो तुकडा वहीत टाचायचा आणि शेजारी दोऱ्यांचे क्रमांक, सुई, कापड आणि खाली कोणता पेपर लावला होता हे लिहायचे.

हा पेपर म्हणजे स्टॅबिलायझर, भरताना कापड आकसू नये म्हणून त्याच्या खाली लावायचे अस्तर. रविवार पेठेतल्या एका दुकानात त्याला पेपर म्हणतात, पुढच्या दुकानात बक्रम म्हणून दाखवतात आणि दोन्हीकडे "कशावर भरणार?" असे विचारत नाहीत, ते आपणच शिकावे लागते. मी ते एका झबल्यावर शिकले. भाच्याच्या मुलीचे बारसे होते; नाव आधी सांगायचे नसल्यामुळे निदान चांदणी तरी भरावी म्हणून मी होजिअरीच्या झबल्याखाली फाडून काढायचा पेपर लावला. चांदणी सुरेख आली. पेपर फाडला तसे ताणलेले कापड आपल्या मूळ जागी परतले आणि चांदणीभोवती बेंबीसारख्या चुण्या पडल्या. ताणणाऱ्या कापडाला कापून कडा काढायचा, पण टाक्यांखाली कायम राहणारा पेपर लागतो, आणि कापड रिंगेत न ताणता त्या पेपरवर चिकटवून बसवावे लागते. वहीत त्या पानावर मी आईच्या अक्षराची नक्कल करून "नको" लिहिले आहे.

गेल्या महिन्यात मी डब्यातला "ताईचे पोलके" हा कागद स्कॅन केला. कोयरी, आत एक फूल, भोवती वेल. इंकस्केप या मोफत चित्र-सॉफ्टवेअरला इंक-स्टिच जोडले की घरीही नमुना बांधता येतो, तेवढेच माझे शिक्षण. भोकांवरून रेषा ओढताना कळले, की आठ वर्षांच्या मुलीने पाडलेली भोके कोठे कोठे रेषेबाहेर गेली आहेत. ती मी सरळ केली नाहीत. भरीव पाकळ्यांच्या खाली विरळ पायाचे टाके घातले. दोरा कापडाला आडवा ओढून घेतो, म्हणून पाकळ्या अर्ध्या मिलिमीटरने रुंद ठेवल्या. क्रम ठरवण्याची वेळ आली तेव्हा सॉफ्टवेअरने पाकळ्या आधी मांडल्या होत्या. मी त्या उचलून देठाच्या नंतर नेल्या.

३,१८० टाके, आठ मिनिटे. आई या वेळी काही न बोलता बघत होती. सुई थांबल्यावर तिने रिंग सोडवली आणि कापड सरळ उलटे केले. भरतकाम तपासायची तिची हीच रीत आहे. उलट बाजूला बॉबिनचा पांढरा दोरा एकसारखा पसरला होता. तिने त्यावरून नख फिरवले.

"गाठी कुठे आहेत?"

"गाठ नसते. जागच्या जागी तीन-चार बारीक टाके घेऊन ते दोरा अडकवते."

"मग धुण्यात सुटेल."

"सुटत नाही म्हणतात."

"म्हणतात," असे म्हणून तिने तो तुकडा घेतला आणि साबणाच्या बादलीत टाकला. आता तो दोरीवर वाळतो आहे. वहीत मी लिहिले आहे: ९० बाय ६४, ३,१८० टाके, पॉपलीन, देठ आधी. फाइल अजून "न भरलेले" मध्येच आहे; आईने आणखी दोनदा धुवायला सांगितले आहे.