नाव असलेला वस्तरा, निनावी दगड

जुन्या वस्तऱ्यांची डागडुजी करण्याचा नाद ज्याला लागतो, तो पुढे कधीतरी धारेच्या दगडांच्याही नादी लागतोच. वस्तऱ्याचे काम तुलनेने सोपे असते, कारण तो आपली ओळख अंगावर मिरवतो. पाते मुठीत जिथे खिळलेले असते, तिथल्या दांड्यावर कारखान्याचे नाव आणि इंग्लंडमधले शेफील्ड, जर्मनीतले झोलिंगेन किंवा स्वीडनमधले एस्किल्स्टुना असे गावाचे नाव ठोकलेले असते. झोलिंगेनच्या हेंकेल्स कारखान्याची जुळ्या आकृत्यांची खूण तर १७३१ पासून नोंदलेली आहे. दांड्यावर इंग्रजीत ‘जर्मनी’ असा शिक्का असला, तर तो वस्तरा बहुधा १८९१ नंतर निर्यातीसाठी घडवलेला असतो. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे केले होते. एवढे सगळे वाचायला एक भिंग आणि थोडा धीर पुरतो.

डागडुजीत मात्र हात आवरता येणे महत्त्वाचे असते. गंज उतरवताना सँडपेपरचा एक हात जास्त फिरला, की पात्यावरची कोरीव अक्षरे आणि सोनेरी मुलामा कायमचा जातो. म्हणून आरशासारखे चकचकीत केलेले जुने पाते पाहून मला कौतुकापेक्षा हळहळच अधिक वाटते. गंजाने पाडलेले काळे खड्डे धारेपासून दूर असतील, तर ते खुशाल राहू द्यावेत. यंत्राच्या चाकावर घासताना पात्यावर निळी झाक उमटली, तर पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापून त्याचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरला असे समजावे. पुढे कितीही घासले तरी ती धार टिकत नाही. सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकची मूठ हे आणखी एक दुखणे. जुने सेल्युलॉइड कुजू लागले, की त्यातून आम्लाच्या वाफा सुटतात आणि मिटून ठेवलेले पाते आतल्या आत गंजत जाते. अशी मूठ कितीही देखणी असली तरी ती पात्यापासून वेगळी करावीच लागते. शिंगाची मूठ त्या मानाने गुणी. तिला तेल पाजले की ती पुष्कळ वर्षे साथ देते.

दगडावर मात्र सहसा काहीच लिहिलेले नसते. जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातल्या झोनेबर्गच्या एशर कंपनीने आपल्या दगडांवर कागदी लेबले चिकटवली होती खरी, पण पाण्याने भिजवून वापरायच्या वस्तूवर कागद किती काळ टिकणार? मग पंचेंद्रियांची मदत घ्यावी लागते, आणि मला या नादात सर्वांत अधिक रमवणारा भाग हाच आहे. दगडावर कित्येक वर्षांच्या तेलाची काळी पुटे असतात; ती साबणाच्या पाण्यात निवांत भिजवून काढल्याशिवाय खरा रंग दिसत नाही. पिवळसर थराखाली जांभळट-निळी पाटी निघाली, तर आर्देनच्या डोंगराळ भागातला, व्हिएल्साल्मच्या आसपासचा बेल्जियन कोटिक्यूल जातीचा दगड असावा असा कयास बांधता येतो. त्याची धार लावण्याची करामत आत विखुरलेल्या तामड्याच्या (गार्नेट या खनिजाच्या) अतिसूक्ष्म कणांमध्ये असते. दोन्ही थरांमधली रेघ सरळसोट असेल तर ते डिंकाने जोडलेले आहेत, आणि ती वेडीवाकडी, एकमेकांत मुरलेली असेल तर जोड खाणीतलाच आहे. हिरवट अंगावर तांबूस-तपकिरी शिरा दिसल्या, की इंग्लंडमधल्या लेस्टरशरच्या चार्नली फॉरेस्ट भागातल्या दगडाची आठवण होते.

डोळ्यांना चकवणारे दगड तराजूवर तोलावेत. आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून वजन करायचे, हवेतल्या वजनाला दोहोंतल्या फरकाने भागायचे, की पाण्याच्या तुलनेतली घनता मिळते. अमेरिकेतल्या आर्कान्सासचे दगड जवळजवळ निव्वळ गारेचे (क्वार्ट्झचे) असतात, आणि गारेची घनता सुमारे २.६५. दगडाची घनता या आकड्याला जितकी जवळ, तितकी त्यात छिद्रे कमी आणि त्याची धार नाजूक; २.२-२.३ च्या आसपास भरला तर तो सच्छिद्र, भराभर कापणारा, वॉशिटा नावाचा आर्कान्सासचाच दगड असण्याचा संभव अधिक. रंगावरून पैजा मारणाऱ्यांपेक्षा माझा या भागाकारावर जास्त भरवसा आहे.

इंडियाना राज्यातल्या हिंदोस्तान दगडाचे तर कडेचे थर पाहूनच नाव सांगता येते. जाड-बारीक, जाड-बारीक अशा पट्ट्या त्यात ओळीने रचलेल्या दिसतात. त्या सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीच्या भरत्यांनी आणून टाकलेल्या गाळाच्या आहेत. उधाणाच्या दिवसांतला थर जाड, भांगाच्या दिवसांतला पातळ. वस्तऱ्याच्या अखेरच्या धारेला हा दगड भरडच पडतो, पण चंद्राचे वेळापत्रक असे हातात धरायला मिळत असताना तो नाकारायला माझे मन धजत नाही.

ओळख पटली तरी काम उरतेच. वापरून वापरून जुना दगड मध्यभागी खोलगट झालेला असतो. वस्तऱ्याची पाठ आणि धार एकाच वेळी दगडाला टेकलेली असतात, आणि पाठीच्या जाडीवरच धारेचा सोळा-सतरा अंशांचा कोन ठरतो. दगड सपाट नसेल तर हे गणित बिघडते. म्हणून त्याला सिलिकॉन कार्बाइडच्या भुकटीवर घासून सपाट करावे लागते, आणि त्या घासण्यात आधीच्या वापराच्या खुणाही पुसल्या जातात. यावर मी एक तडजोड पाळतो. कामापुरती एकच बाजू सपाट करतो आणि दुसरीवरचा खोलगटपणा व करवतीचे ओरखडे तसेच राहू देतो. दगडाच्या टोकाला लेबलाचा एखादा तुकडा चिकटून राहिला असेल, तर त्यावर लाखेचा पातळ हात फिरवतो आणि पाणी दुसऱ्या टोकाकडून घालतो.