आधीचे रितेपण

गुड फ्रायडेच्या दुपारी तीनच्या सुमारास इंदूरच्या लाल चर्चवरून जाताना जाणवले, की लोक आत चालले आहेत, पण घंटा वाजत नाही. गुरुवारच्या सायंकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेत, ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत झाले, की घंटा थेट ईस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंत मुकी राहते. वेदीवरची वस्त्रेही काढून घेतात. आपल्याकडे रितेपण सणानंतर येते. गणपती पोहोचवून आल्यावर मखराकडे बघवत नाही. येथे सणाआधीच सारे उतरवून ठेवायचे आणि त्या रितेपणालाच विधी मानायचे, याचे मला फार अप्रूप वाटते.

लहानपणी आमच्या शेजारी मूळच्या नगरकडच्या एक ख्रिस्ती मावशी राहत. ईस्टरच्या आधीच्या, येशूच्या यरुशलेमप्रवेशाची आठवण म्हणून पाळल्या जाणाऱ्या झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या पात्याचा विणलेला छोटा क्रूस त्या भिंतीवरच्या तसबिरीमागे खोचून ठेवत. वर्षभरात तो वाळून इतका ठिसूळ होई, की धूळ झटकताना त्याची एखादी कड फडक्याला चिकटून येई. मग तो चर्चमध्ये परत जाई, कारण अशाच जुन्या झावळ्या जाळून केलेली राख पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला लावतात. येशूच्या स्वागताला हलवलेल्या पानांची ही गत ज्याला सुचली, त्याला माझा नमस्कार!

तेथून पुढे, रविवार वगळून 40 दिवस, मावशी मटण वर्ज्य करीत. आमच्या आजीचे व्रत म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी, त्यामुळे खिचडीची वाटी पोहोचवताना ती कौतुकाने विचारी, “इतके दिवस कसं हो निभतं तुमचं?” मावशी म्हणत, “त्याची सवय होते, आजी. पण गुरुवारी आमचे हे मुद्दाम मागच्या बाकावर बसतात. फादरांनी पाय धुवायला बोलावलं तर काय, म्हणून!”

येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून गुड फ्रायडेच्या आदल्या सायंकाळी फादर काही जणांचे पाय धुतात. त्या विधीसाठी तेव्हा पुरुषांनाच बोलावत. स्त्रियांना घेण्याची अधिकृत मुभा पोप फ्रान्सिस यांच्या काळात, 2016 साली मिळाली. मावशींच्या यजमानांचा संकोच मात्र पुरातन आहे, कारण गुरूने पाय धुवावेत हे येशूचा शिष्य पेत्र यालाही रुचले नव्हते. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात पाय धुण्याची हकीकत आधी येते आणि येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा उठून बाहेर जातो तो नंतर. म्हणजे दगा देणाऱ्याचेही पाय त्या रात्री धुतले गेले, आणि तेही सारे ठाऊक असताना. मटण सोडता येईल. हे कसे साधावे, मला खरोखर कळत नाही.